पाण्यात कमी झालेलं वजन जातं कुठे? वर्गात प्लावक बल मोजण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवीच्या ‘बल व दाब’ या धड्यात प्लावक बल आणि आर्किमिडीजचं तत्त्व येतं: वस्तूने जेवढं पाणी बाजूला सारलं, त्या पाण्याच्या वजनाएवढं बल तिला वर ढकलतं. बऱ्याच वर्गांत फळ्यावर आकृती निघते, व्याख्या पाठ होते आणि धडा पुढे सरकतो. मी हा प्रयोग दरवर्षी मुलांच्या हातून करून घेते. त्याबद्दल इतर शिक्षक, पालक आणि मुलंही जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

प्लावक बल मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं?

वस्तू पाण्यात बुडवली की पाणी तिला वर ढकलतं. हे ढकलणारं बल डोळ्यांना दिसत नाही, पण तीन ठिकाणी त्याची खूण सापडते. वर तानकाट्याला, म्हणजे स्प्रिंगच्या लटकत्या काट्याला, टांगलेला दगड हलका भरतो. खाली पाण्याच्या भांड्याखाली ठेवलेला काटा जास्त वजन दाखवतो. आणि भांडं काठोकाठ भरलेलं असेल तर पाणी बाहेर सांडतं. या तिन्ही ठिकाणी एकच आकडा यायला हवा.

वर्गात सहसा पहिली आणि तिसरी खूण दाखवली जाते. माझा आग्रह दुसरीसाठी आहे. ‘पाण्यात वजन कमी झालं’ असं म्हटल्यावर ‘मग ते गेलं कुठे?’ हे मुलांनी विचारायलाच हवं, आणि त्याचं उत्तर खालच्या काट्यावर आकड्यात दिसतं.

साहित्य काय लागेल? आमच्या शाळेत प्रयोगशाळा नावालाच आहे.

प्रयोगशाळा नसली तरी अडत नाही. एक तानकाटा हवा, शक्यतो ५०० ग्रॅमचा. भाजीवाल्याकडचा दहा किलोचा चालणार नाही, त्याच्या दोन रेघांमध्ये आपला सगळा प्रयोग हरवून जाईल. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हवा. हल्ली केक करणाऱ्या कुठल्याही घरात तो सापडतो, मागून आणा. लिटरभर पाण्याचं पारदर्शक भांडं, शिवणाचा दोरा, झाडूचा दांडा, थोडी जाडजूड पुस्तकं आणि पेरूएवढा काळा दगड.

दगडाचं मुद्दाम सांगते. दुकानातलं लोखंडी वजनमाप घेतलं तर पाण्यात त्याचं वजन सातवा-आठवा हिस्साच कमी होतं, आणि एवढासा फरक तानकाट्यावर मुलांना नीट वाचता येत नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट घनतेचा असतो. त्याचं वजन जवळजवळ एक तृतीयांशाने घटतं. मागच्या बाकावरूनही तानकाटा वर सरकताना दिसतो.

प्रयोग प्रत्यक्ष करायचा कसा?

दगड बाजूला ठेवा, आधी बोटाने सुरुवात करा. डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, आकडा फळ्यावर लिहा, आणि एका मुलीला बोलावून तर्जनी दोन पेरांपर्यंत पाण्यात बुडवायला सांगा. भांड्याला बोट लागता कामा नये. आकडा सात-आठ ग्रॅमनी वाढतो. ‘बाई, मी तर कशाला हातच लावला नाही!’ हे वाक्य मी जवळपास प्रत्येक तुकडीत ऐकलं आहे. इथे काही समजावून सांगू नका. प्रश्न तसाच लोंबकळत ठेवा.

आता दोन बाकं समोरासमोर ठेवा. प्रत्येकावर पुस्तकांची सारखी चळत रचा आणि त्यावर झाडूचा दांडा आडवा टाका. दांड्याला तानकाटा, तानकाट्याला दोऱ्याने बांधलेला दगड. दगडाच्या बरोबर खाली स्टुलावर डिजिटल काटा आणि त्यावर पाण्याचं भांडं. दगड अजून पाण्याच्या वर अधांतरी आहे. दोन्ही काट्यांचे आकडे लिहून घ्या.

मग दोन्ही चळतींतून एकेक पुस्तक काढत जा. दांडा खाली येतो, दगड पाण्यात शिरतो. प्रत्येक टप्प्यावर एक मूल वरचा आकडा मोठ्याने वाचतं, दुसरं खालचा. दगड पूर्ण बुडाला, तळाला टेकला नाही, बाजूला घासला नाही, की थांबा. तानकाटा हातात धरण्यापेक्षा ही पुस्तकांची युक्ती फार बरी पडते. हात थरथरतो, काटा नाचतो आणि वाचन अंदाजपंचे होतं.

एकदा खरे आकडे दाखवाल का?

आमच्या एका गटाचे हे आकडे. दगडाचं वजन डिजिटल काट्यावर ३४८ ग्रॅम, तानकाट्यावर ३५०. या तानकाट्यावर दहा-दहा ग्रॅमच्या रेघा होत्या. दगड पाण्यात बुडाल्यावर तानकाटा २३० वर आला, म्हणजे घट १२०. खाली भांडं आणि पाणी मिळून ६१२ होतं, ते ७३१ झालं, म्हणजे वाढ ११९. नंतर वेगळ्या भांड्यातून सांडलेलं पाणी मोजलं, ते ११५ मिलिलिटर, म्हणजे ११५ ग्रॅम भरलं.

१२०, ११९ आणि ११५. हे तीन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले तेव्हा वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही.

यातून एक आकडा फुकट मिळतो. ११९ ग्रॅम म्हणजे दगडाएवढी जागा घेणाऱ्या पाण्याचं वजन, म्हणून ३४८ ला ११९ ने भागलं की २.९२. दगडाची घनता पाण्याच्या २.९२ पट, बेसाल्टला शोभेल अशीच. शाळेच्या मागच्या माळावरून उचललेल्या दगडाची घनता आपण काढली, याचं मुलांना फार अप्रूप वाटतं.

काटा ग्रॅम दाखवतो, बल तर न्यूटनमध्ये असतं. मग?

रूपांतर करायचं. ११९ ग्रॅम म्हणजे ०.११९ किलोग्रॅम, त्याला ९.८ ने गुणलं की १.१७ न्यूटन. पण ही पायरी शेवटी घ्या. मुलं आधी ग्रॅममध्ये तुलना करू देत, नाहीतर गुणाकाराच्या नादात मूळ गोष्ट निसटते. एवढं मात्र स्पष्ट सांगा, की काट्याला खरं तर दाबणारं बल कळतं. तो त्याचे ग्रॅम करून आपल्याला दाखवतो.

दगड तर वर दोऱ्याला टांगलेला आहे. मग खालच्या काट्यावर वजन वाढलंच कसं?

मला या प्रयोगातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच वाटतो, आणि तो मुलांकडूनच यावा म्हणून मी थांबून राहते.

पाणी दगडाला वर ढकलतं, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दगड पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलतो. पाणी ते बल भांड्याच्या तळाकडे देतं, भांडं काट्याकडे. वरच्या तानकाट्याच्या खांद्यावरून जे १२० ग्रॅम उतरले, ते खालच्या काट्याने उचलले. दोन माणसं एक पोतं धरून उभी असतात, एकाने थोडा भार सोडला की दुसऱ्यावर पडतो, तसंच हे आहे. वजन हरवलेलं नाही, त्याने फक्त माणूस बदलला.

पटवायचं असेल तर बेरीज करून घ्या. तानकाट्यावरचे २३० आणि खाली वाढलेले ११९ मिळून ३४९. दगड ३४८ चा होता. दगड अर्धा बुडालेला असताना, पाव बुडालेला असताना बेरीज करा. प्रत्येक वेळी साडेतीनशेच्या आसपासच येते. या बेरजेनंतर कुठल्याही मुलाने ‘पाण्यात गुरुत्वाकर्षण कमी होतं’ असं उत्तर लिहिलेलं मला आठवत नाही. त्याआधी दर वर्षी चार-पाच जण लिहायचे.

आता बोटाकडे परत या. सात-आठ ग्रॅमचं कोडं वर्ग स्वतःच सोडवतो.

दगड तळाला टेकला तर काय होतं?

होऊ द्या एकदा, मुद्दाम. दोरा सैल पडायला लागला की खालचा आकडा ७३१ वरून झपाट्याने चढतो आणि दोरा पूर्ण सैल झाला की ९६० वर थांबतो. म्हणजे ६१२ अधिक दगडाचे सगळे ३४८. आता दगडाचा पूर्ण भार खालच्या काट्यावर आहे आणि वरचा रिकामा. वाचन अचानक फार मोठं आलं तर दगड कुठेतरी टेकला आहे, हे ओळखायलाही मुलं यातूनच शिकतात.

जास्त खोल नेल्यावर प्लावक बल वाढतं ना?

नाही, आणि हा गैरसमज चिवट आहे. दोन बोटं खोल असो की वीतभर, आकडा हलत नाही. खोलीबरोबर दाब वाढतो हे मुलांनी त्याच धड्यात वाचलेलं असतं, म्हणून त्यांचा तर्क चुकीचा असला तरी तो आळशीपणाचा नाही, त्याला दाद द्या. दाब वाढतो तो दगडाच्या वरच्या बाजूवरही आणि खालच्या बाजूवरही. दोन्हींमधला फरक तेवढाच राहतो, आणि वर ढकलतो तो हा फरकच.

जड वस्तूवर जास्त प्लावक बल लागतं का?

औषधाच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत वाळू दाबून भरा, दुसरीत लोखंडी खिळे आणि वाळू. दोन्ही बुडायला हव्यात. हातात घेऊन पाहिल्या की कुठली जड हे सगळ्यांना कळतं. आता हात वर करून अंदाज घ्या. बहुतेक हात जड बाटलीसाठी वर जातात. दोन्ही एकेक करून दोऱ्याने टांगून, तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवल्यावर खालच्या काट्यावर वाढ सारखीच. पाण्याला बाटलीच्या आत काय आहे ते कळत नाही, तिने किती जागा घेतली एवढंच कळतं. अंदाज आधी फळ्यावर लिहून घ्यायला विसरू नका. लिहिला नाही तर ‘मला हेच म्हणायचं होतं’ असं अर्धा वर्ग सांगतो.

आमच्याकडे जांभा दगड आहे. आकडे सारखे बदलतात. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाहीये. कोकणातला आणि गोव्यातला जांभा सच्छिद्र असतो. पाण्यात घातला की त्यातून बुडबुडे निघतात, छिद्रांत पाणी शिरतं आणि तानकाट्यावरचं वजन हळूहळू वाढत जातं. रात्रभर पाण्यात भिजवून, वरून पुसून मग वापरा. किंवा त्याचा वेगळाच प्रयोग करा. दर मिनिटाला तानकाटा वाचून जांभा किती पाणी पितो ते लिहा. जांभ्याच्या विहिरी खणलेल्या गावातल्या मुलांना तर हा आपल्या घरचाच विषय वाटेल.

सांडलेलं पाणी नेहमी कमीच का भरतं?

कारण शेवटचे थेंब तोटीला चिकटून राहतात. आम्ही प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून त्यात स्ट्रॉ बसवतो आणि कडेने एम-सील लावतो. स्ट्रॉ खालच्या बाजूला तिरकी असावी. आधी पाणी ओतून, स्ट्रॉमधून थेंब पडायचे पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची, मगच दगड सोडायचा, तोही अगदी सावकाश. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की पृष्ठताण कमी होतो आणि पाणी सुटसुटीत वाहतं. तरीही तीन-चार मिलिलिटरची तूट राहील. सांडलेलं पाणी मोजपात्रात न मोजता डिजिटल काट्यावर तोला, वाचनाची निम्मी भानगड मिटते.

डिजिटल काटा मधेच बंद पडतो किंवा छोटे बदल दाखवतच नाही.

हे काटे वीज वाचवायला मिनिट-दोन मिनिटांत आपोआप बंद होतात. शून्य केलेला काटा बंद पडला की सगळं गेलं. म्हणून मी शून्याचं बटण वापरतच नाही. भांड्यासकटचा पहिला आकडा लिहायचा आणि वजाबाकी करायची. दुसरी खोड अशी, की शून्यावर असताना वजन फार हळू वाढलं तर काही काटे ते स्वतःच शून्यात जमा करून टाकतात. शून्य न करता मोजलं की तोही त्रास टळतो.

हवेचंही प्लावक बल असतं ना? ते धरायचं नाही का?

असतं. आपल्या दगडावर ते साधारण ०.१४ ग्रॅम एवढं आहे. एक ग्रॅमच्या काट्याला ते दिसत नाही, सोडून द्या.

तरंगणाऱ्या वस्तूचं प्लावक बल कसं मोजायचं?

लिंबू घ्या. काट्यावरच्या पाण्यात सोडा. आकडा जेवढा वाढला ते लिंबाचं वजन. तरंगणाऱ्या वस्तूवरचं प्लावक बल तिच्या वजनाइतकंच असतं. आता स्वेटरच्या सुईच्या टोकाने लिंबू अलगद पूर्ण खाली दाबून धरा. आकडा आणखी थोडा वाढेल. आता सुरुवातीपासूनची एकूण वाढ ग्रॅममध्ये जेवढी, तेवढं लिंबाचं आकारमान घनसेंटिमीटरमध्ये. पहिल्या वाढीला या एकूण वाढीने भागलं की लिंबाची घनता. एक लिंबू, एक सुई, दोन वाचनं. मला स्वतःला हा सगळ्यांत देखणा भाग वाटतो.

पाण्याऐवजी दुसरं काही वापरू का?

मिठाचं पाणी वापरा. लिटरभर पाण्यात पाव किलो मीठ पूर्ण विरघळवलं तर त्याची घनता साधारण १.१५ होते आणि आपला तोच दगड ११९ ऐवजी १३७ च्या आसपास वाढ दाखवतो. गोडं तेल वापरलं तर १०९ च्या जवळपास, पण लिटरभर तेल महाग पडतं आणि दोऱ्यापासून फळ्यापर्यंत सगळं तेलकट होतं. रॉकेल वर्गात आणू नका.

आलेख काढायचा असेल तर?

नियमित आकाराची वस्तू हवी. चार सेंटिमीटर व्यासाची उभट डबी वाळूने भरा, बाहेरून दर सेंटिमीटरला रेघ मारा. एकेक रेघ बुडवत खालचा आकडा वाचा. दर सेंटिमीटरला साडेबारा ग्रॅमच्या जवळपास वाढ मिळते, कारण डबीच्या तळाचं क्षेत्रफळ १२.६ चौरस सेंटिमीटर आहे. आलेख सरळ चढतो, डबी पूर्ण बुडाली की आडवा होतो. तो जिथे वळतो त्या बिंदूला काय झालं, हे मुलांना तोंडी विचारा.

मुकुटाची गोष्ट सांगावी का?

सांगा, पण आकडे घेऊन. आर्किमिडीज इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक शहरात होऊन गेला. मुकुट आणि सांडलेल्या पाण्याची गोष्ट लिहून ठेवली ती रोमन वास्तुविशारद विट्रुवियसने, त्याच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. आता एक किलोचा मुकुट धरू. शुद्ध सोन्याचा असेल तर आकारमान सुमारे ५२ घनसेंटिमीटर. त्यात ३० टक्के चांदी मिसळली असेल तर सुमारे ६५. फरक १३. वीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात पाण्याच्या पातळीत हा फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी दिसेल. पाण्यात टांगून तोललं तर मात्र १३ ग्रॅमचा फरक सरळ हाती येतो. गॅलिलिओलाही सांडलेल्या पाण्याची पद्धत ढोबळ वाटली होती. १५८६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने पाण्यात तोलण्याच्या तराजूवर एक छोटा निबंध लिहिला. आपल्या ११९ ऐवजी ११५ भरलेल्या पाण्याच्या तुटीनंतर ही गोष्ट सांगितली की मुलं गॅलिलिओच्या बाजूने उभी राहतात.

वही तपासताना काय पाहावं?

तिन्ही आकडे तंतोतंत सारखे असतील तर मी त्या गटाला प्रयोग पुन्हा करून दाखवायला सांगते. दहा ग्रॅमच्या रेघांच्या तानकाट्यावर एका वाचनात पाच ग्रॅम इकडेतिकडे होणारच, दोन वाचनांच्या वजाबाकीत ते दहापर्यंत जाऊ शकतं. ११९ आणि ११५ लिहून त्या चार ग्रॅमचं कारण ज्याने दिलं, त्याला पूर्ण गुण. आकडे जुळवून लिहायची सवय याच वयात लागते आणि ती लावायला बऱ्याचदा आपणच जबाबदार असतो. ‘उत्तर बरोबर आलं का?’ असं आपण विचारतो, ‘किती आलं?’ असं विचारत नाही.

विहिरीतून कळशी काढताना ती पाण्याबाहेर आली की एकदम जड का होते?

हे एका आजोबांनी पालकसभेत विचारलं होतं. त्यांच्यासाठी आम्ही तिथेच तांब्याचा प्रयोग केला. त्या दिवशी लटकवायचा दोन किलोचा तानकाटा होता. स्टीलच्या तांब्याच्या गळ्याला दोरा बांधला आणि पाण्याने भरलेल्या बादलीत तो पूर्ण बुडवून तानकाट्याला टांगला. तांब्या रिकामा २०० ग्रॅमचा, पाण्यात काटा १७५ च्या जवळ. आतलं ७०० मिलिलिटर पाणी जणू नाहीच, कारण त्याला बाहेरचं पाणी पेलून धरतं. मग आजोबांनी स्वतः काटा हळूहळू वर उचलला. तांब्याचा काठ पाण्यावर आला तशी सुई सरकायला लागली, चारशे, सहाशे, आणि बूड पाण्यातून सुटलं तेव्हा ती ९०० वर होती.